बदलते ऋतुमान आणि मराठवाड्याचा कोरडवाहू शेतकरी

शेतीवर जगणारा समाज हवामानातील बदल कसा ओळखतो आणि त्या बदलाशी स्वतःला कसे जुळवून घेतो, हा आज जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. आपल्या निवासी शाळेतील बहुतेक विद्यार्थी मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून आलेले आहेत. त्यांच्या घरी या विषयावर रोजच बोलणे होते. फक्त त्याला ‘हवामानबदल’ हे नाव नसते. ‘पावसाचा काही नेम राहिला नाही,’ एवढ्याच शब्दांत तो विषय मांडला जातो. प्रस्तुत लेखात या साध्या वाक्यामागचे शास्त्र, इतिहास आणि समाजरचना यांचा विचार करावयाचा आहे. लेखाचे सूत्र असे : बदल सर्वांनाच जाणवतो, परंतु त्याला तोंड देण्याचे सामर्थ्य सर्वांना सारखे मिळालेले नाही. ते जमीन, पाणी आणि कागदपत्रे यांच्या मालकीबरोबर वाटले गेले आहे.

१. शेतकऱ्याचे पर्जन्यज्ञान

आपल्याकडील शेतकरी पावसाचा हिशेब नक्षत्रांवर ठेवत आला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती ही नावे निरक्षर आजीलाही क्रमाने पाठ असतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. म्हणजे ही सूर्याच्या स्थानावरून बांधलेली दिनदर्शिका आहे आणि म्हणूनच मृगाचा आरंभ दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास येतो. मृगात मूग-उडदाची पेरणी, उत्तरा-हस्तात रब्बी ज्वारीची तयारी, हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून तयार झाले.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अमुक नक्षत्रात अमुक पिकाची पेरणी साधते, हे अनुभवाने तपासता येणारे ज्ञान आहे. नक्षत्राचे वाहन अमुक आहे म्हणून पाऊस जास्त आणि तमुक आहे म्हणून कमी, ही पंचांगातील भाकिते मात्र तपासणीला उतरत नाहीत. कोणतीही गोष्ट परंपरेने सांगितली म्हणून स्वीकारू नये, अनुभवाच्या आणि विवेकाच्या कसोटीवर घासून घ्यावी, ही तथागतांची शिकवण. त्या कसोटीवर शेतकऱ्याचे निरीक्षण टिकते आणि वाहनाचे भाकीत गळून पडते.

हा निरीक्षक शेतकरी आज काय सांगतो? मृग कोरडा जातो. पाऊस आला तर पेरणीनंतर दोन-तीन आठवडे उघडीप देतो. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो आणि माती घेऊन जातो. परतीचा पाऊस लांबतो आणि काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात.

२. शास्त्र काय सांगते?

या तक्रारींना शास्त्रीय नोंदींचा आधार मिळतो. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकातील पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५०-१९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. कोळसा व खनिज तेल जाळल्याने वातावरणात साठलेला कार्बन डायऑक्साइड हे त्याचे मुख्य कारण. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हवेत बाष्प अधिक साठते आणि पाऊस पडू लागला की तो मुसळधार होतो. वार्षिक सरासरी फारशी न बदलताही पावसाचे दिवस कमी आणि सरींचा जोर अधिक, असे का घडते याचा उलगडा यातून होतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. वायव्य भारतातून परतीचा प्रवास सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली आणि मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर झाली. ‘पाऊस आता दिवाळीपर्यंत पाठ सोडत नाही,’ असे शेतकरी बरीच वर्षे म्हणत होता. वेधशाळेने ते तारखांत नोंदविले.

तरीही शेतकऱ्याची स्मृती आणि पर्जन्यमापकाची नोंद यांत तंतोतंत मेळ बसेलच असे नाही. मनुष्याला अलीकडचे आणि अतितीव्र प्रसंग अधिक आठवतात. शिवाय पाऊस कमी पडणे आणि जमिनीत ओल कमी टिकणे या दोन गोष्टी शेतकऱ्याला एकाच रूपात दिसतात : पीक वाळते. म्हणून दोन्ही साक्षी एकत्र वाचणे हाच अभ्यासाचा खरा मार्ग होय.

३. दुष्काळाचे बदललेले रूप

दख्खनच्या पठाराला दुष्काळ नवा नाही. १६३०-३२, १८७६-७८ आणि १८९९-१९०० येथील भीषण दुष्काळ इतिहासात नोंदलेले आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, सरकारने लष्करातील व पोलिसांतील शिपायांकडून ताली व बंधारे अशा रीतीने घालून घ्यावेत की पावसाचे पाणी शेतात मुरावे, अशी सूचना केली. तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, असेही त्यांनी सुचविले. आज ज्याला पाणलोटक्षेत्र विकास म्हणतात, त्याचा विचार जोतीरावांनी शेतकऱ्याच्या बाजूने त्या काळी केला होता.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी मात्र ‘दुष्काळ’ म्हणजे बहात्तर. जन्म, लग्न, स्थलांतर यांची वर्षे आजही बहात्तरच्या मागे-पुढे मोजली जातात. खडी फोडण्याची कामे, अमेरिकेहून आलेली लाल मिलो, मुलांना वाटलेली सुकडी या आठवणी तुम्ही ऐकल्या असतील. तो मुख्यतः धान्याचा आणि मजुरीचा दुष्काळ होता. पुष्कळ गावांत विहिरी खोल केल्यावर पिण्यापुरते पाणी मिळे. २०१२-१३ आणि २०१४ ते २०१६ या वर्षांत दुकानात धान्य होते, पण पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

हा फरक केवळ पावसामुळे पडला नाही. मधल्या चाळीस वर्षांत विंधनविहिरी शेकडो फूट खोल गेल्या, तुटीच्या प्रदेशात ऊस वाढला आणि साखर कारखाने उभे राहिले. थोड्या क्षेत्रावरील उसाने सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा घेतला. पाऊस न पडणे ही निसर्गाची घटना. नळाला पाणी न येणे यात माणसाचे निर्णयही असतात. दोहोंना एकच ‘दैवी कोप’ म्हणून गुंडाळले की निर्णय घेणारे नामानिराळे राहतात. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपल्याला शिकवितो तो हाच की प्रत्येक दुःखाला कारणे असतात आणि कारणे शोधता व दूर करता येतात.

दुष्काळाच्या पाठोपाठ आता अतिवृष्टीही येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यातील रब्बी पिके झोडपली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मांजरा, सिना, गोदावरी यांच्या काठच्या शेतांतील उभी पिके पाण्याखाली गेली आणि अनेक ठिकाणी वरची मातीच खरडून गेली. पीक गेले तर एक हंगाम जातो; माती गेली तर एक पिढी जाते.

४. जुळवून घेण्याच्या वाटा

अशा परिस्थितीत शेतकरी स्वस्थ बसलेला नाही. त्याने शोधलेले उपाय तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार मशागतीचा. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीचा मार खाल्लेला शेतकरी आता मनावर घेऊ लागला आहे. रुंद वरंबा सरी पद्धतीने सोयाबीन पेरल्यास उघडिपीत सरीतील ओल उपयोगी पडते आणि अतिवृष्टीत तीच सरी जादा पाणी बाहेर काढते. एकाच साधनाने दोन्ही संकटांना उत्तर मिळते, म्हणून ही पद्धत पसरत आहे.

दुसरा प्रकार पीक बदलण्याचा. सोयाबीन शंभर-एक दिवसांत हाती येते आणि त्याला रोख पैसा मिळतो. म्हणून गेल्या तीन-चार दशकांत त्याने खरीप ज्वारी, मूग, उडीद यांची जागा घेतली. याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर शेणखत गेले आणि जमिनीची ओल धरण्याची शक्ती घटली. पूर्वी एकाच शेतात ज्वारी, तूर, मूग, तीळ असत. एक गेले तरी दुसरे घर चालवी. आज संपूर्ण शिवारात एकच पीक असते आणि काढणीच्या आठवड्यात पाऊस झाला तर सारे गाव एकदम बुडते.

या बाबतीत लातूर, धाराशिव भागातील महिलांनी वेगळी वाट दाखविली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या कामातून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने अनेक महिलांनी घरच्या शेतातील अर्धा-एक एकर तुकडा मागून घेतला आणि त्यात कमी पाण्यावर येणारी धान्ये, कडधान्ये व भाजीपाला घेण्यास सुरुवात केली. आधी घरचे पोट, मग बाजार, हा त्यांचा क्रम होता. नगदी पीक बुडाले तरी चूल पेटती राहते, हे त्या एका एकराचे महत्त्व.

तिसरा प्रकार पाणी साठविण्याचा. बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, शेततळी यांमुळे अनेक गावांना आधार मिळाला. पण येथेही विवेक हवा. पावसाचे वाहते पाणी साठविणारे शेततळे हा एक उपाय. विंधनविहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात भरून ठेवणे ही निराळी गोष्ट. त्यात सर्वांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या मालकीचे होते आणि बाष्पीभवनाने उडूनही जाते. एका घराची जुळवणी शेजारच्या घराची टंचाई होते.

५. एकच पाऊस, निरनिराळी माणसे

आतापर्यंत आपण ‘शेतकरी’ हा शब्द एकवचनी वापरला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारले पाहिजे : कोणता शेतकरी? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात शेती करणारे ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी होते. म्हणजे शेतीवर राबणाऱ्यांत स्वतःच्या नावे शेत नसलेल्यांची संख्या अधिक आहे आणि त्यांत आपल्या समाजाचा वाटा फार मोठा आहे.

बागायतदाराला उघडीप म्हणजे विजेचे बिल. कोरडवाहू अल्पभूधारकाला ती दुबार पेरणी. शेतमजूर स्त्रीला ती निंदणीच्या मजुरीचे बुडालेले दिवस. तिची नोंद पंचनाम्यात कधीच होत नाही, कारण बुडालेल्या मजुरीचा पंचनामा करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

त्यातही गायरानधारकाची स्थिती विचार करण्यासारखी आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक व गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करा, ही त्यांतील मागणी होती. पुढे राज्य सरकारने १९९१ मध्ये निर्णय घेऊन १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभाची ही तारीख. परंतु मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे दगडगोटे वेचून, माळाची माती करून, दोन-दोन पिढ्या ती जमीन कसत असूनही सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागलेले नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून सावकार. पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, शेततळे, ठिबक संच, पंतप्रधान किसान सन्मान निधी, सर्वांच्या दारावर तोच एक कागद मागितला जातो. बटाईने करणाऱ्याचीही तीच गत. नुकसान त्याचे होते आणि भरपाई मालकाच्या खात्यात जमा होते. हवामानाला अनुकूल शेती शिकविण्यासाठी राज्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ राबविला गेला. पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती आणि भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखी तरतूदही होती. असे प्रकल्प स्वागतार्ह आहेत. तरी योजना जमिनीमागे चालते तोवर जमीन नसलेला मनुष्य तिच्या शेवटच्या ओळीतच उभा राहतो.

मग त्याच्यापुढे एक वाट उरते : ऊसतोड. खरीप हातचा गेला की मुकादमाची उचल घेतली जाते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड साखरपट्ट्याकडे निघते. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात वृद्ध आणि मुले राहतात किंवा मुलेही फडावर जातात. हवामानबदलाच्या ग्रंथांत स्थलांतराला जुळवणीचा एक प्रकार म्हटले जाते. ज्या जुळवणीची किंमत मुलाच्या शाळेने चुकवावी लागते, तिला जुळवणी म्हणावे की शरणागती, याचा निर्णय वाचकांनी करावा. निवासी शाळा आणि वसतिगृहे यांचे मोल येथे कळते. आईवडील फडावर असताना मूल वर्गात बसू शकते, हे दुष्काळी प्रदेशातील एक फार मोठे संरक्षण आहे.

६. पाणी कोणाचे? : इतिहासातील उत्तरे

पाण्यावरून उठलेला तंटा आपल्या धम्माच्या इतिहासात अगदी आरंभी येतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला वाद हे दिले आहे. दोन्ही बाजू शेतीसाठी त्याच नदीवर अवलंबून होत्या. युद्ध करण्याऐवजी दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, ही सिद्धार्थाची सूचना होती. टंचाईच्या काळातील पाणीवाटप चर्चेने आणि न्यायाने व्हावे, हे तत्त्व त्यात आहे.

वर्षावासाचा नियमही असाच बोलका आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळी पिके व गवत तुडविले जाते, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. ऋतू आणि शेती पाहून संघाने आपले आचरण बदलले. कूटदंत सुत्तातही राज्यात शांतता नांदावी म्हणून शेती करणाऱ्यांना बियाणे व चारा पुरवावा, असा सल्ला राजाला दिलेला आढळतो.

आधुनिक काळात बाबासाहेबांनी १९१८ मध्ये ‘भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय’ या निबंधात दाखवून दिले की प्रश्न केवळ तुकड्याच्या आकाराचा नाही. जमिनीला भांडवलाची जोड नाही आणि शेतीवर माणसांचा भार अतिरिक्त आहे, हे खरे दुखणे. म्हणून औद्योगिकीकरण हवे. १९२७ मध्ये महाडला त्यांनी पाण्यावरील मानवी हक्क प्रस्थापित केला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय जलप्रकल्पांची आणि केंद्रीय जल आयोगाच्या पूर्वरूपाची पायाभरणी त्यांनी केली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जातिधर्माचा भेद न करता ती सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावी, असे सुचविले. पाणी, भांडवल आणि जमीन हे तीन प्रश्न त्यांनी कधी वेगळे पाडले नाहीत.

महाराष्ट्रात या दिशेने काही पावले पडलीही. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचा, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क द्यावयाचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही, हे त्याचे नियम. याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली. तिच्यासाठी शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळात काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला त्याचाच आधार मिळाला. या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. त्यांनी संकटाचा भार ज्याच्याकडे काही नाही त्याच्यावर एकट्यावर टाकला नाही.

७. विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

विद्यार्थी मित्रहो, हा विषय पुस्तकात वाचून संपणारा नाही. पुढील कामे तुम्ही स्वतः करू शकाल.

(अ) शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्या. महिन्याच्या एकूण पावसाबरोबर पावसाचे दिवस किती आणि सर्वांत मोठी उघडीप किती दिवसांची, हेही लिहा.

(आ) सुट्टीत गावी गेल्यावर साठीच्या पुढील दोन व्यक्तींची मुलाखत घ्या : एक जमीनधारक, एक शेतमजूर, त्यांत एक तरी स्त्री असावी. बहात्तर आणि अलीकडचा दुष्काळ यांत काय फरक होता, ते दोघांनाही विचारा. उत्तरे कोठे जुळतात आणि कोठे वेगळी होतात, ते मांडा.

(इ) आपल्या गावात तीस वर्षांपूर्वी कोणती पिके होती आणि आज कोणती आहेत, याची यादी करा. नाहीशा झालेल्या प्रत्येक पिकाबरोबर आणखी काय नाहीसे झाले ते शोधा.

(ई) घरचा सातबारा आणि आठ-अ वाचावयास शिका. त्यावर आईचे नाव आहे का, ते पाहा. गायरान कसत असाल तर आजोबांच्या काळातील दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे, जे काही असेल ते जपून ठेवण्यास वडिलांना सांगा. इतिहासाच्या अभ्यासात ज्याला आपण अस्सल साधन म्हणतो, तो हाच कागद असतो आणि उद्या तोच तुमच्या घराचा पुरावा ठरेल.

उपसंहार

ऋतू बदलत आहेत, हे शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्या आधी कळले. का बदलत आहेत, हे त्याला शास्त्राने सांगितले. आता या बदलाचा भार कोणी किती उचलावयाचा, हे ठरवावयाचे आहे आणि ते ठरविणे समाजाच्या हाती आहे. ढग जात पाहून बरसत नाही. पण बरसलेले पाणी कोणाच्या विहिरीत मुरते आणि भरपाई कोणाच्या खात्यात जाते, हे जातीने आणि जमिनीने आजवर ठरविले. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या संदेशातील पहिला शब्द येथे अगदी नेमका लागू पडतो. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणारा आणि सातबारा वाचू शकणारा विद्यार्थी या शाळेतून बाहेर पडला, तर कोरडवाहू गावाला तो एखाद्या तलावाइतका उपयोगी पडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!